मुल्ट्यांची जागा

आमच्या लेकीने बापाला सुट्टी भेट दिली ती पालापाचोळा खायला. माझ्या नवऱ्याच्या, ओड्वारच्या जन्माच्या बेटावर, जिथे मांजरंसुद्धा कॉड माशाच्या डोक्यांवर वाढतात, तिथल्या जुन्या शाळेत दोन शहरी पोरांनी पाहुण्यांसाठी घर काढलं होतं. त्यात मासा नाही, मटण नाही, दूध-लोणी नाही, अंडंही नाही. मारित स्वतः काही वर्षांपासून असलंच खाते. तिला वाटलं, बाबांचं बेट आणि आपलं जेवण, दोन्ही एका जागी, आणखी काय हवं!

"तुझ्या बाबांनी उभा जन्म मासे पकडले," मी फोनवर म्हटलं. "त्यांना तू कोबी चघळायला पाठवतेस?"

"आई, मुद्दा जेवणाचा नाहीये."

मुद्दा कशाचा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या निवासात ओड्वारसाठी खोली रिकामी झाली होती. होकार कळवायचा तर सुट्टी संपायच्या आत, नाहीतर खोली दुसऱ्या कुणाला जाणार. मारितने ट्रॉनहाइममध्ये बसून सगळं जुळवून आणलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. तो शेगडी चालू ठेवून निघून जातो, रात्रीबेरात्री बूट घालून दारात उभा राहतो, आणि मी त्याच्यामागे धावून अर्धी झाले आहे.

"तिकडे तुम्ही दोघंच असाल," ती म्हणाली. "घरात तू त्यांना इतकं झाकतेस की तुझं तुलाच कळत नाही. तिथे जरा डोळे उघडून बघ. मग तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी ऐकेन."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तिला म्हणणार होते, पण फोन ठेवला. माझं उत्तर तेव्हाच ठरलं होतं. ओड्वार माझ्या घरात राहणार. बोटीतून त्या बेटावर उतरताना त्याने हवा हुंगली, आणि "वारा पश्चिमेचा, धुकं येणार" असं नावाड्यालाच बजावलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. जो माणूस वारा विसरला नाही तो काय विसरला?

शाळेचं घर चालवणारा एस्किल आणि त्याची बायको तुवा, दोघंही ऑस्लोची. मुलं गुणी, पण बडबडी. प्रत्येक ताट टेबलावर ठेवताना ते कुठल्या मातीतून आलं, कुठल्या आजीच्या पद्धतीने शिजवलं, याची कथा व्हायची. आमच्याखेरीज डेन्मार्कचं एक जोडपं होतं. ते खिडकीतून डोंगरांचे फोटो काढून थकत नव्हतं. डोंगर आपले होते तिथेच होते.

पहिल्या संध्याकाळी भाजलेलं बीट, जव आणि समुद्रशेवाळाचं सार असं जेवण आलं. ओड्वारने काट्याने बीट उचललं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पोरा, मासा पळाला वाटतं. जाळं आणू का?"

सगळे खो खो हसले. डेनिश बाईच्या डोळ्यांतून तर पाणी आलं. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की ते सार मी दोनदा घेतलं. वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या संध्याकाळी पिवळ्या वाटाण्याच्या टिक्क्या होत्या, वर कोबीचं पान. ओड्वारने काट्याने पान उचललं, खाली वाकला. "पोरा, मासा पळाला वाटतं. जाळं आणू का?"

पुन्हा हसले सगळे, पण थोडं कमी. लोक एकच विनोद दोनदा करतातच की. माझा भाऊ तर एका विनोदावर तीन लग्नं जेवला.

तिसऱ्या संध्याकाळी अळंबी होती. ओड्वारने काटा उचलला. मी घाईने म्हटलं, "ओड्वार, बाहेर बघ, बोट आली वाटतं." पण तो वाकलाच. तेच शब्द, तोच आवाज, आणि बोलून झाल्यावर टेबलावरून फिरणारी तीच मिश्कील नजर. डेनिश बाई आपल्या ताटाकडे बघत हसली. तिचा नवरा पाणी प्यायला. मी मात्र एकटीच मोठमोठ्याने हसले. एस्किलने माझ्याकडे बघितलं, आणि त्या पोराच्या नजरेतली कीव बघून मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

खोलीत आल्यावर मी बॅगेच्या तळातून टोमॅटोतल्या बांगड्याचा डबा काढला. घरून चोरून आणला होता. आम्ही पलंगावर बसून एकाच चमच्याने खाल्लं, खिडकी सताड उघडी टाकून.

"सापडलो तर हाकलतील," ओड्वार भरल्या तोंडाने म्हणाला.

"हाकलू देत. तुझ्या शाळेतून तुला काय पहिल्यांदा हाकलणार आहेत?"

तो हसला. "याच खोलीत मास्तरने माझे कान उपटले होते. त्या भिंतीला नकाशा होता." मग त्याने नकाशावरचा एक डाग, मास्तरच्या कुत्र्याचं नाव, सगळं सांगितलं. माझ्या मनात आलं, बघ मारित, ये आणि बघ. हा माणूस विसरलेला आहे?

चौथ्या दिवशी मुल्ट्यांचा विषय निघाला. तो एस्किलनेच काढला. मुल्टे म्हणजे दलदलीत उगवणारं केशरी फळ, एका देठाला एकच. आमच्या उत्तरेत त्याला सोन्यासारखं जपतात. चांगली दलदल ज्या घराला ठाऊक असते ते घर ती जागा कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, पाद्र्याला नाही, बायकोलाही नाही. बादली घेऊन निघायचं ते उलट्या दिशेने निघायचं, येताना बादलीवर पानं झाकायची, आणि कुणी विचारलं तर "यंदा काही धरलंच नाही हो" म्हणायचं. बाकी सगळ्या बाबतीत आम्ही खरं बोलतो.

"गावात कुणीच सांगायला तयार नाही," एस्किल रडकुंडीला आला होता. "मी म्हटलं, अहो विकत घेतो, तर त्यांनी विषयच बदलला. शेवटच्या जेवणात पाहुण्यांना मुल्टे द्यायचे होते, ओटच्या मलईबरोबर."

"तुला कोण सांगणार, पोरा," ओड्वार म्हणाला. "मी हिला नाही सांगितलं, आणि ही माझ्याजवळ म्हातारी झाली."

"खरंच? तुम्हाला माहीत नाही?" तुवाने मला विचारलं.

"मी पांढऱ्या धोंड्यापाशी बसते," मी म्हटलं. "लग्न झालं त्या वर्षापासून. हा पुढे जातो, मी कॉफी घेऊन बसते."

"मग ही जागा पुढे कळते तरी कशी?"

ओड्वारने बशी बाजूला सारली. "ज्याला स्वतःला जाणं जमेनासं होतं तो सांगतो. एकदाच. बापाने मला नेलं आणि परत कधी तिथे गेला नाही. तसाच नियम आहे. सांगितलं की संपलं." मग माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. "म्हणून हिला अजून बरीच वर्षं धोंड्यावर बसावं लागणार. उद्या आणतो तुझे मुल्टे."

मी हसले खरी. गेल्या ऑगस्टमध्ये तो धडधाकट गेला होता आणि धडधाकट आला होता. पण त्यानंतरचा हिवाळा आमच्या घरात फार वाईट गेला होता. नको जाऊस म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्याच्या मागोमाग जावं, तर चाळीसेक वर्षं जे केलं नाही ते आता का, हे त्याला कळायला काय वेळ लागतो? मी मागे आले म्हणजे तो संपला, असाच त्याचा अर्थ होता.

सकाळी त्याने बादली घेतली, रबरी बूट घातले, आणि रीतीप्रमाणे आधी उलट्या दिशेने, बंदराकडे निघाला. मी थर्मास घेऊन त्याच्या बरोबर. चर्चला वळसा घालून आम्ही मागच्या वाटेने वर चढलो. पांढऱ्या धोंड्यापाशी त्याने नेहमीसारखं माझ्या टोपीवर थोपटलं.

"तू इथे थांब, म्हातारे. मागे यायचं नाही."

"कोण येतंय मागे! माझी कॉफी गार होईल."

तो टेकाडाआड गेला. मी बसले. खाली खाडी, पलीकडे डोंगर, आणि समुद्रावरून हळूहळू सरकत येणारं धुकं. त्याने सांगितलं होतं तसंच. धुक्याने आधी चर्चचा मनोरा गिळला, मग कुरणाचं कुंपण. मी उठले, चार पावलं चालले, परत बसले. मनात म्हटलं, त्याला काही झालं आणि लोकांनी विचारलं, बाई, कुठे गेलाय तुमचा नवरा, तर मी काय सांगणार? एवढा संसार केला आणि नवऱ्याची वाट ठाऊक नाही! मला स्वतःचा, त्याचा, त्याच्या बापाचा, सगळ्यांचा संताप आला. मी मोठ्याने शिव्यासुद्धा दिल्या. तिथे ऐकायला एक मेंढी होती.

मग धुक्यातून बादलीच्या कडीचा आवाज आला.

तो आला. स्वतःच्या पायांनी, सरळ माझ्या दिशेने. बादली जड होती, वर पानं झाकलेली. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा लालबुंद, आणि इतका खूश की त्या हिवाळ्यात तो तसा एकदाही दिसला नव्हता.

"यंदा काही धरलंच नाही हो," तो म्हणाला.

मी त्याच्या गळ्यात पडले. "अगं कॉफी सांडशील," तो ओरडला. त्याला धोंड्यावर बसवून, कॉफी देऊन मी थोडी बाजूला गेले आणि तिथूनच मारितला फोन लावला.

"गेले आणि आले," मी म्हटलं. "एकटे. धुक्यातून. बादली भरून. त्या लोकांना नाही म्हणून कळव."

"आई, नक्की?"

"मी डोळे उघडे ठेवून बघतेय, तूच म्हणाली होतीस ना? कळव नाही म्हणून."

"संध्याकाळपर्यंत थांबते," ती म्हणाली. "तोवर काही वाटलं तर सांग."

"काही वाटणार नाही," मी म्हटलं.

जेवणाच्या वेळी ओड्वारने बादली स्वतः टेबलावर ठेवली. सगळे गोळा झाले. त्याने पानं बाजूला केली.

"अहाहा!" एस्किल म्हणाला. "काय सुंदर लाल रंग आहे!"

डेनिश बाईने फोटो काढला. तुवाने हात जोडल्यासारखे छातीशी धरले. मी बादलीत बघितलं. काठोकाठ लाल. कडक, चकचकीत, लाल.

जगातली बाकीची फळं पिकली की लाल होतात. मुल्टे आधी लाल असतात आणि पिकले की केशरी, मऊ, मधासारखे होतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. लाल मुल्टे तोडणाऱ्याचं नाव गावात वर्षभर निघतं. आणि ओड्वारने, ज्याला लहानपणी एक लाल मुल्टे तोडला म्हणून बापाने उपाशी झोपवलं होतं, त्याने बादलीभर तोडून आणले होते.

ऑस्लोच्या पोरांना काही कळलं नाही. डेन्मार्कवाल्यांना काय कळणार! त्या खोलीत ते फक्त मला कळलं होतं, आणि मी गप्प राहिले तर ते कुणालाच कळणार नव्हतं. मी गप्प राहिले. 'छान आहेत,' असंही म्हणाले मी.

एस्किलने वाट्या आणल्या, ओटची मलई घातली, वर मुल्टे ठेवले. पहिली वाटी ओड्वारला. त्याने चमचा तोंडात घातला आणि चावला. त्या शांततेत मला त्या कडक फळाचा आवाज ऐकू आला. तो थांबला. वाटीत बघितलं. एक फळ बोटात धरून खिडकीच्या उजेडात फिरवलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी नजर फिरवायला हवी होती. जमलं नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं आणि त्याने ते वाचलं.

"जरा आंबट आहेत, नाही?" डेनिश माणूस म्हणाला.

"यंदा ऊन कमी पडलं," ओड्वार म्हणाला, आणि वाटीतलं सगळं संपवलं. एकेक फळ, शेवटपर्यंत. त्या जेवणात त्याने माशाचा विनोद केला नाही. मला तो किती हवा होता!

वर खोलीत तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. मी बांगड्याचा दुसरा डबा काढला तर त्याने मान हलवली. मग उठून बूट घालायला लागला.

"आता कुठे?"

"तूही घाल," तो म्हणाला. "धुकं हटलंय, उजेड आहे अजून."

आम्ही बंदराकडे गेलो नाही. सरळ चर्चच्या मागून वर निघालो, कुणीही बघावं असे. मला तेव्हाच समजलं, आणि मी काहीबाही बोलत सुटले. गुडघा दुखतोय, वारा सुटलाय, मारितचा फोन येईल. तो फक्त चालत होता. पांढरा धोंडा आला. मी पटकन त्यावर बसले आणि दोन्ही हातांनी कडा धरली.

"मी इथे थांबते. तू जाऊन ये."

"चल, हेर्दिस."

"माझी जागा इथे आहे. तूच म्हणतोस ना? मागे यायचं नाही."

"मागे नको येऊस. बरोबर ये." त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. तो तसाच हात पुढे करून उभा राहिला, आणि शेवटी मलाच त्याची दया आली.

टेकाडाआड गेल्यावर तो बोलायला लागला, एकेक गोष्ट सावकाश सांगत. वाकड्या बर्चचं झाड डावीकडे ठेवायचं. ओढा रुंद दिसतो तिथे नाही, अरुंद दिसतो तिथेही नाही, मधे सपाट दगड आहे तिथून ओलांडायचा. मग दोन टेकड्यांच्या फटीतून समुद्र दिसेपर्यंत चालायचं. त्याचा पाय एकदाही चुकला नाही. हे सगळं त्याच्याजवळ शाबूत होतं, आणि नेमका रंग गेला होता.

समुद्र दिसला तशी मी जागीच थांबले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. लहान मुलासारखे. मला बघायचं नव्हतं. मी बघितलं नाही तर त्याने दाखवलं नाही, आणि दाखवलं नाही तर संपलं नाही.

"डोळे उघड," तो म्हणाला.

"नाही."

"मीही मिटले होते, बापाने आणलं तेव्हा." त्याचा आवाज अगदी माझ्या कानाशी होता. "त्याने एक थप्पड मारली. तुला मारली तर तू दोन मारशील. उघड बाई."

मी उघडले. दलदल काही मोठी नव्हती. आमच्या हॅरस्टाडच्या घराच्या अंगणाएवढी असेल. आणि तिथे पिकलेले मुल्टे होते, जिथे तिथे, केशरी, टपोरे, उत्तरेच्या लांबलेल्या उन्हात पेटल्यासारखे. त्यांच्यामध्ये रिकामे देठ उभे होते. त्याने पिकलेले सगळे सोडून कच्चे तेवढे वेचून नेले होते.

तो बराच वेळ त्या देठांकडे बघत होता. "छान काम केलंय," तो म्हणाला. मी रडायला लागले. तो मला थोपटत राहिला, माझ्या टोपीवर, नेहमीसारखं.

"त्या खोलीला हो म्हणून सांग," तो म्हणाला.

"कुठली खोली?"

"हेर्दिस. मी विसरतो. बहिरा नाही झालो. सकाळी काय धोंड्याआड जाऊन बोललीस? मेंढीनेसुद्धा ऐकलं."

मी म्हटलं, मी सांभाळेन, मला काही होत नाही. शेगडीला कुलूप बसवू, दाराला घंटा बांधू. तो ऐकत होता. मग त्याने एक पिकलेला मुल्टे तोडला आणि माझ्या तोंडात घातला, मी बोलायची थांबावी म्हणून.

"आत्ता मला कळतंय तोवर सांगतोय," तो म्हणाला. "उद्या मी भांडेन. माझं ऐकायचं नाही. आत्ताचं ऐकायचं."

मी तिथूनच फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. मारितने "बरं, आई" एवढंच म्हटलं. तिलाही रडू आलं असावं. ओड्वार तोवर टोपी काढून तिच्यात पिकलेले मुल्टे गोळा करत होता. अगदी बरोबर केशरी. मी बघत राहिले आणि मला त्याच्या त्या शहाणपणाचाही राग आला.

परतताना आम्ही बोललो नाही. सपाट दगड, वाकडा बर्च, मग टेकाड उतरून पांढरा धोंडा. तिथे तो थांबला. हातातली टोपी माझ्याकडे दिली, जणू ती माझीच होती. मग माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि चेहऱ्यावर ती सकाळची सगळी खुशी.

"तू इथे थांब, म्हातारे. मागे यायचं नाही," तो म्हणाला. "त्या पोराला मुल्टे आणायचेत."

माझ्या मांडीवर टोपीभर मुल्टे होते. मी त्यांवर हात झाकले.

"कोण येतंय मागे," मी म्हटलं. "माझी कॉफी गार होईल."

तो टेकाडाआड दिसेनासा होईपर्यंत मी बसून राहिले. मग उठले आणि वाकडा बर्च डावीकडे ठेवून, त्याला ऐकू येणार नाही अशी, त्याच्यामागून चालायला लागले.